सीमेपलीकडील यात्रा आणि गावची नोंदवही

परभणी जिल्ह्याच्या पश्चिम भागात, कल्याण–निर्मळ महामार्गावर असलेले पाथरी हे तालुक्याचे गाव. श्रीसाईबाबांचे जन्मस्थान म्हणून भाविकांत त्याची ख्याती असल्यामुळे बाहेरगावच्या यात्रेकरूंची वर्दळ येथे नवी नाही. परंतु यात्रेचा ओघ नेहमी दोन दिशांनी वाहत असतो. शेतीच्या कामांतून थोडी उसंत मिळाली की मराठवाड्यातील माणसे मानवत रोड किंवा परभणी स्थानकावर गाडी धरून उत्तरेस निघतात. काशी, प्रयाग, गया ही स्थाने करून कोणी पशुपतिनाथ व मुक्तिनाथाच्या दर्शनासाठी नेपाळात उतरतो. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून कोणी लुंबिनीस जातो. तर कोणी उमराहसाठी सौदी अरेबियाची वाट धरतो. पूर्वी आयुष्यातून एकदा घडणारा हा प्रवास आता अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि निवृत्त शिक्षकाच्याही आवाक्यात आला आहे.

प्रवास सुलभ झाला, तशी त्यातील एका नव्या संकटाची शक्यताही वाढली. ज्या देशात यात्रेकरू उतरला आहे, तेथे अचानक राजकीय उद्रेक झाला, संचारबंदी लागली, विमानतळ बंद पडला, तर त्याने काय करावे? आणि त्याच्या गावातील पंचायतीने, शाळेने, तहसील कार्यालयाने काय करावे? अलीकडच्या काही घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

नेपाळमधील पाच दिवस

नेपाळ सरकारने ४ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाकडे नोंदणी न केलेल्या २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. भ्रष्टाचाराविषयी तरुणांच्या मनात आधीच असंतोष धुमसत होता. त्यात या बंदीची भर पडून ८ सप्टेंबरला काठमांडूत मोठे निदर्शन झाले. पोलिसांच्या गोळीबारासह त्या एकाच दिवशी १९ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला; परंतु त्याच दिवशी संसद भवन, सर्वोच्च न्यायालय आणि मध्यवर्ती सचिवालय असलेला सिंहदरबार आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ बंद झाला. अनेक कारागृहांतून हजारो कैदी पळाले. लष्कराने सुरक्षेची सूत्रे हाती घेऊन देशभर संचारबंदी पुकारली. १० सप्टेंबरच्या सायंकाळी विमानतळ पुन्हा उघडला आणि १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या उद्रेकात एकूण सत्तरहून अधिक लोकांचा बळी गेला.

पितृपंधरवडा नुकताच सुरू झाला होता. गयेचे श्राद्ध आटोपून पुढे नेपाळात जाण्याचा प्रघात असल्याने हे दिवस यात्रेचेच असतात. महाराष्ट्रातील ठाणे, पुणे, मुंबई, अकोला इत्यादी जिल्ह्यांतील शंभराहून अधिक प्रवासी त्या वेळी नेपाळात अडकले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने नागरिकांना आहे त्या ठिकाणीच थांबण्याचा, रस्त्यावर न येण्याचा व नेपाळचा प्रवास पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. काठमांडू येथील भारतीय वकिलातीने मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक जाहीर केले. महाराष्ट्राच्या राज्य आपत्कालीन कार्य केंद्रानेही अडकलेल्यांना व त्यांच्या नातेवाइकांना संपर्क साधण्याचे आवाहन केले. विमानसेवा सुरू होताच जादा उड्डाणे सोडण्यात आली.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संकट उद्भवल्यानंतर शासनाला पहिले काम करावे लागले ते आपली माणसे कोण व कोठे आहेत हे विचारण्याचे. आंध्र प्रदेश शासनाने आपल्या दोनशेहून अधिक नागरिकांची ठिकाणवार यादी तातडीने तयार केली आणि तिच्या आधारे ११ सप्टेंबरला विशेष विमानाने अनेकांना स्वराज्यात आणले. विमान मिळणे महत्त्वाचे होतेच. पण कोणत्या निवासात किती माणसे आहेत हे ठाऊक नसते, तर त्या विमानापर्यंत त्यांना आणणार कसे?

पारपत्र नाही, म्हणून नोंद नाही

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता व मैत्रीचा करार झाला. त्यातील तरतुदींमुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या प्रदेशात मुक्तपणे ये-जा करता येते. सुमारे १,७५० किलोमीटर लांबीची ही सीमा खुली आहे. सोनौली, रक्सौल, रुपईडिहा, जोगबनी, पाणीटंकी या नाक्यांवरून भारतीय नागरिक व्हिसाविना पलीकडे जातो. पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे छायाचित्रयुक्त ओळखपत्र यांपैकी एक जवळ असले की पुरे.

ही सवलत मोठी आहे आणि गरीब यात्रेकरूला ती वरदानच वाटावी. परंतु तिला दुसरी बाजूही आहे. व्हिसा घेताना प्रवाशाचे नाव, पत्ता, मुक्कामाचा कालावधी यांची नोंद आपोआप होते. खुल्या सीमेवर ओळखपत्र पाहिले जाते. पारपत्रावर शिक्का पडत नाही. गाव सोडून सहा दिवस झालेला वारकरी नेपाळात पोहोचला की अद्याप गोरखपुरातच आहे, हे त्याच्या घरच्यांशिवाय कोणास ठाऊक नसते. पुष्कळदा घरच्यांनाही ते नेमके माहीत नसते.

दुसरी अडचण वाहनाची. महाराष्ट्रातील अनेक यात्रेकरू उत्तर प्रदेशापर्यंत रेल्वेने जातात आणि तेथून स्थानिक बस भाड्याने घेतात. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखराहून काठमांडूकडे निघालेली अशीच एक बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. बस उत्तर प्रदेशातील. प्रवासी मात्र जळगाव जिल्ह्यातील वरणगाव, भुसावळ परिसराचे. वीसहून अधिक भाविक त्यात दगावले आणि त्यांचे पार्थिव देह हवाई दलाच्या विमानाने जळगावला आणावे लागले. तो अपघात होता, राजकीय उद्रेक नव्हे. तथापि त्यातून मिळणारा धडा एकच आहे. गाडीच्या क्रमांकावरून तिच्यातील माणसांच्या गावाचा पत्ता लागत नाही. तो त्यांच्या गावातूनच कळवावा लागतो.

पूर्वीच्या सुटकांचे अनुभव

परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याचा भारताचा अनुभव मोठा आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेथील सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांपैकी बहुसंख्य लोक बसरा व बगदादमार्गे जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोहोचले. एअर इंडियाने ५९ दिवसांत जवळपास ५०० उड्डाणे करून १ लाख ११ हजारांहून अधिक लोकांना मायदेशी आणले. आखातात नोकरीनिमित्त राहणारी कोकणातील असंख्य कुटुंबे त्या दिवसांत पत्राची आणि तारेची वाट पाहत होती.

२०१५ साली येमेनमधून ४,६०० हून अधिक भारतीयांची सुटका झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर २२,५०० हून अधिक भारतीय, त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी, परत आले. त्यांच्यासाठी २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून निघालेले पहिले विमान मुंबईतच उतरले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात लष्कराच्या दोन गटांत संघर्ष भडकला, तेव्हा पोर्ट सुदान व जेद्दामार्गे ३,८०० हून अधिक भारतीय बाहेर काढण्यात आले. जून २०२५ मध्ये इराण व इस्रायल यांच्यातील संघर्षात दोन्ही देशांतून मिळून ४,४०० हून अधिक लोक आणले गेले. त्यांत विद्यार्थ्यांबरोबर यात्रेकरूही होते.

सुदानच्या प्रसंगातील एक तपशील ग्रामीण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. तेथे अडकलेल्यांत कर्नाटकातील हक्की-पिक्की या जमातीचे, वनौषधी विकून पोट भरणारे लोक होते. परदेशातील संकट हा केवळ शहरी, सुशिक्षित वर्गाचा प्रश्न आहे, असा समज या एका उदाहरणाने दूर व्हावा.

बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये आरक्षणविरोधी आंदोलन चिघळले. १८ जुलैच्या रात्रीपासून इंटरनेट बंद झाले, पाठोपाठ संचारबंदी आली. त्या महिन्यात ६,७०० हून अधिक भारतीय विद्यार्थी मायदेशी परतले. घरी दूरध्वनी लागत नसताना ज्या पालकांजवळ महाविद्यालयाचा व वसतिगृहाचा पूर्ण पत्ता लिहून ठेवलेला होता, त्यांना निदान काय कळवावे हे माहीत होते. ज्यांची सारी भिस्त भ्रमणध्वनीवर होती, त्यांच्या हातात त्या दिवसांत काही उरले नाही.

गावापासून वकिलातीपर्यंतची साखळी

नागरिक परदेशात संकटात सापडला, तर त्यास साहाय्य करणे हे वकिलातीचे मान्य कर्तव्य आहे. १९६३ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारात ते नमूद आहे. पारपत्र हरवले असल्यास वकिलात मायदेशी परतण्यापुरता तात्कालिक दाखला देते. अत्यंत गरजू भारतीयांच्या निवासासाठी व परतीच्या प्रवासासाठी वकिलातींजवळ २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. परंतु वकिलातीच्या अधिकारास मर्यादा आहेत. तेथील संचारबंदी ती उठवू शकत नाही, तेथील कायदा बाजूस सारू शकत नाही, आणि ज्याचा ठावठिकाणा ठाऊक नाही त्यास शोधून काढणे तिला फार कठीण जाते.

आपल्या बाजूची साखळी अशी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे, तर मंत्रालयातील राज्य केंद्राचा १०७०. गावातून मिळालेली माहिती तहसील कार्यालयामार्फत जिल्ह्यास, जिल्ह्याकडून राज्य केंद्रास, राज्याकडून परराष्ट्र मंत्रालयास आणि तेथून वकिलातीस जाते. नातेवाईक परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संगणकीय व्यवस्थेवरही तक्रार नोंदवू शकतात. ही व्यवस्था २०१५ पासून सुरू आहे.

साखळीच्या वरच्या कड्या सिद्ध आहेत. पहिली कडी, म्हणजे गावाने द्यावयाची माहिती, ही मात्र बहुतेक ठिकाणी तयार नसते. रात्री अकरा वाजता भेदरलेला मुलगा सरपंचांच्या दारात येतो आणि सांगतो, "आई-बाबा नेपाळला गेलेत, फोन लागत नाही." कोणत्या गाडीने गेले, कोणाबरोबर, कोठे उतरले, ओळखपत्र कोणते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते. अशा वेळी तहसीलदारांनी वर काय कळवावे?

ग्रामपंचायतीची नोंदवही

यावरील उपाय अगदी साधा व बिनखर्चाचा आहे. परदेशी यात्रेस किंवा प्रवासास निघणाऱ्या गावकऱ्यांची एक नोंदवही ग्रामपंचायत कार्यालयात, आणि पाथरीसारख्या ठिकाणी नगरपरिषदेत ठेवावी. तीत पुढील बाबी असाव्यात :

१. प्रवाशाचे पूर्ण नाव, वय, गाव व घरच्या जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक.

२. सोबतच्या ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक. त्याची एक छायाप्रत घरी ठेवावी.

३. प्रवासाची व्यवस्था करणाऱ्याचे नाव. बस कळताच तिचा क्रमांक व चालकाचे नाव घरी कळवून नोंदवहीत चढवावे.

४. सीमा ओलांडण्याचा नाका, दिवसवार मुक्कामाची ठिकाणे व परतीची तारीख.

५. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आजार व नित्याची औषधे.

शेवटच्या बाबीचे महत्त्व सहज ध्यानात येत नाही. यात्रेस जाणाऱ्यांत साठीच्या पुढील मंडळी बहुसंख्य असतात. दहा दिवसांच्या प्रवासास दहा दिवसांच्याच गोळ्या घेतलेल्या वृद्धास संचारबंदीत अडकल्यावर अकराव्या दिवशी औषध मिळत नाही. म्हणून किमान एक आठवड्याची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी जास्तीची बाळगावी, हे त्यास नोंदीच्या वेळीच सांगता येते.

नोंद ऐच्छिक असावी. ती सक्तीची केल्यास लोक ती टाळतील आणि हेतूच विफल होईल. त्याचप्रमाणे ही माहिती खासगी स्वरूपाची आहे, याचे भान ठेवून ती समाजमाध्यमांवरील गटांत फिरवू नये व प्रवासी सुखरूप परतल्यावर काढून टाकावी. हिंदू यात्रेकरू, लुंबिनीस जाणारे बौद्ध उपासक, उमराहला जाणारे मुस्लिम बांधव, आखातात कामास गेलेला मजूर आणि परदेशी शिकणारी मुलगी, या सर्वांची नोंद एकाच वहीत, एकाच आस्थेने व्हावी. हजचे यात्रेकरू हज समितीमार्फत गेले की त्यांची नोंद तेथे असते. उमराहसाठी खासगी प्रवास संस्थांमार्फत जाणाऱ्यांची गावपातळीवर काहीच नोंद नसते.

शिक्षकांचे विशेष कार्य

ओळखपत्राच्या बाबतीत शिक्षकांचे मार्गदर्शन मोलाचे ठरेल. नेपाळच्या प्रवासासाठी प्रौढ व्यक्तीचे केवळ आधारपत्र पुरेसे मानले जात नाही. पंधरा वर्षांखालील मुले व पासष्ट वर्षांवरील वृद्ध यांच्यासाठीच २०१९ मध्ये ते ग्राह्य ठरविण्यात आले. ही बाब अनेक यात्रेकरूंना सीमेवर पोहोचल्यावरच समजते. पंधरा ते अठरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. असा दाखला देताना मुख्याध्यापकांनी पालकास नोंदवहीचीही आठवण करून द्यावी. संकटाच्या वेळी हेच ओळखपत्र परतीच्या वाटेवर उपयोगी पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमेवर कडक पहारा बसला, तेव्हा भारतीय असल्याची ओळख पटवूनच लोकांना परत येता आले.

आखातात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसही दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी स्थलांतर संरक्षकांची अनुमती लागते. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाख रुपयांचा विमाही मिळतो. भेटीच्या व्हिसावर जाऊन काम धरणारा तरुण या दोन्ही संरक्षणांस मुकतो आणि उद्रेकाच्या वेळी त्याचे नाव कोणत्याही यादीत सापडत नाही.

अडकलेल्याने काय करावे

यात्रेस निघणाऱ्यांच्या मनावर काही नियम बिंबवले पाहिजेत. उद्रेक सुरू होताच सुरक्षित निवास सोडू नये. सीमेकडे किंवा विमानतळाकडे घाईने धाव घेऊ नये. मोर्चाजवळ थांबू नये, त्याची छायाचित्रे काढू नयेत, तेथील राजकारणावर मतप्रदर्शन करू नये. वकिलातीचा क्रमांक भ्रमणध्वनीत असावा आणि कागदावरही लिहिलेला असावा. गट एकत्र ठेवावा व दिवसातून एका ठरलेल्या वेळी एकाच व्यक्तीने घरी कळवावे. यामुळे यंत्राची विद्युत शक्तीही वाचते. थोडी रोकड राखून ठेवावी. भारतीय चलनातील मोठ्या नोटांविषयीचे नेपाळातील नियम वेळोवेळी बदलत आले असल्याने ते निघण्यापूर्वी तपासावेत. भारतीय वाहन नेपाळात नेताना सीमेवर घ्यावा लागणारा 'भन्सार' परवाना ठरावीक दिवसांचा असतो. त्याची पावती जपून ठेवावी. प्रवास विम्याच्या कागदात दंगल व युद्ध यांविषयीची अट वाचूनच विमा घ्यावा.

गावात राहिलेल्यांचेही एक कर्तव्य आहे. अशा वेळी अफवांना ऊत येतो. ज्या चित्रफितीचा उगम ठाऊक नाही, ती पुढे पाठविल्याने दूर अडकलेल्या माणसाला काडीची मदत होत नाही. त्याच्या वृद्ध आईचा जीव मात्र टांगणीला लागतो. वकिलातीकडून किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाकडून आलेली माहिती सरपंचांनी किंवा पोलीस पाटलांनी स्वतः त्या घरी जाऊन सांगावी.

उपसंहार

राजकीय उद्रेक पूर्वसूचना देऊन येत नाहीत. नेपाळात बंदीचा आदेश निघाल्यापासून पाचव्या दिवशी सरकार कोसळले. इतक्या अल्प अवधीत कोणतीही यंत्रणा हजारो माणसांची माहिती शून्यातून गोळा करू शकत नाही. ती आधीच कोठेतरी लिहिलेली असावी लागते. यात्रा ही मराठी माणसाची शतकांची परंपरा आहे. पंढरीच्या वाटेवर दिंडीतील प्रत्येक वारकऱ्याची विचारपूस दिंडीचालक करतो. रात्रीच्या मुक्कामी कोणी मागे राहिला का, हे पाहिल्याशिवाय तो निजत नाही. सीमेपलीकडे जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी ग्रामपंचायतीने हीच जबाबदारी एका वहीच्या रूपाने उचलावी. पुढील यात्रेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पाथरी तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेत या विषयावर अर्धा तास चर्चा झाली, तरी अनेक घरांची झोप त्यामुळे निर्धास्त होईल.